कार्थेजचा वेढा (इ.स.पू. १४९–१४६): शस्त्रे देऊन टाकल्यानंतर सुरू झालेले युद्ध

लेखक: भूमध्यतीर

इ.स.पू. १४९ मध्ये आजच्या ट्युनिसजवळ असलेल्या कार्थेज शहराच्या वेशीतून गाड्यांची एक लांबच लांब रांग बाहेर पडली आणि युटिकाजवळच्या रोमन छावणीकडे निघाली. त्या गाड्यांवर शहरातील शस्त्रे लादलेली होती. ॲपियन या ग्रीक इतिहासकाराने दिलेला आकडा २,००,००० सैनिकांना पुरतील एवढ्या चिलखत-हत्यारांचा आणि दगड व बाण फेकणाऱ्या सुमारे २,००० यंत्रांचा आहे. गाड्यांबरोबर शहराचे मानकरी आणि पुरोहित चालत होते, कारण एवढे केल्यावर तरी रोमन सेना परत जाईल अशी त्यांची समजूत होती. शस्त्रे ताब्यात आल्यावर रोमच्या कॉन्सलांनी, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, उरलेली अट सांगितली: कार्थेजच्या लोकांनी शहर रिकामे करावे, समुद्रापासून किमान ८० स्टेडिया, म्हणजे साधारण १५ किलोमीटर, आत कोठेही वस्ती करावी, आणि जुने शहर जमीनदोस्त होईल. ही अट कार्थेजने नाकारली, आणि ज्या शहराची शस्त्रागारे त्या दिवशी रिकामी होती ते शहर पुढे तीन वर्षे रोमशी लढले.

कार्थेज म्हटले की आपल्याला त्यांचा सेनापती हॅनिबल, त्याचे हत्ती आणि आल्प्स पर्वत आठवतात. तिसऱ्या प्युनिक (म्हणजे रोम-कार्थेज) युद्धाबद्दल मात्र एका ओळीत सांगितले जाते की रोमने कार्थेज नष्ट केले आणि त्या जमिनीवर मीठ पेरले. या ओळीतील दुसरा भाग खरा नाही, आणि पहिल्या भागात जे दडले आहे ते माझ्या मते प्राचीन इतिहासातील अत्यंत वेदनादायक प्रकरणांपैकी एक आहे. या शहराचा अंत वेढ्याच्या कितीतरी आधी, वाटाघाटींच्या दालनात ठरला होता, असे मला वाटते, आणि ते पटवून देण्यासाठी हा धागा काढला आहे.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. कार्थेज ही आजच्या लेबनॉनमधील टायर या फिनिशियन शहराची वसाहत होती. तिची स्थापना परंपरेने इ.स.पू. ८१४ मध्ये मानली जाते आणि तिच्या नावाचा अर्थ 'नवे शहर' असा होतो. इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षीच्या तहाने कार्थेजवर १०,००० टॅलंट (वजनाचे जुने माप) चांदीची खंडणी बसली, जी ५० वर्षांत फेडायची होती. आरमार १० युद्धनौकांपुरते उरले. सर्वांत जाचक कलम असे होते की रोमच्या परवानगीवाचून कार्थेजने युद्ध करायचे नाही. शेजारच्या न्युमिडियाचा राजा मॅसिनिसा रोमचा मित्र होता. तो दर काही वर्षांनी कार्थेजचा मुलूख बळकावत असे, कार्थेज रोमकडे दाद मागत असे, आणि रोमचे पंच बहुधा मॅसिनिसाच्याच पारड्यात वजन टाकत असत. तरीही व्यापार आणि शेती यांच्या बळावर शहर पुन्हा संपन्न झाले, आणि हीच संपन्नता पाहणीसाठी गेलेल्या केटो या वयोवृद्ध रोमन सेनेटरला खुपली. त्याने सेनेटमध्ये अंगरख्यातून ताजे अंजीर काढून दाखवले आणि ही फळे जिथे पिकतात तो देश रोमपासून केवळ तीन दिवसांच्या प्रवासावर आहे असे बजावले, ही कथा प्लुटार्कने नोंदवली आहे. विषय कोणताही असो, कार्थेज राहता कामा नये हे मत तो भाषणाअखेर मांडत असे. त्याला विरोध करणारा स्किपिओ नासिका हाही रोमचा मोठा माणूस होता, पण त्याचे कोणी ऐकले नाही.

खंडणीचा शेवटचा हप्ता इ.स.पू. १५१ च्या सुमारास फिटला. त्याच सुमारास मॅसिनिसाच्या छळाला कंटाळून कार्थेजने हॅसड्रुबल या सेनापतीच्या हाताखाली त्याच्यावर सैन्य पाठवले, ते सपशेल हरले, आणि तहाचे कलम मोडले म्हणून रोमला हवे असलेले निमित्त मिळाले. घाबरलेल्या कार्थेजने हॅसड्रुबलला मृत्युदंड फर्मावला आणि रोमकडे दूत धाडले. दरम्यान शेजारच्या युटिका शहराने रोमला शरण जाऊन आपले बंदर देऊ केले. अखेर कार्थेजच्या दूतांनी बिनशर्त शरणागती पत्करली. सेनेटचे उत्तर वरवर उदार होते: कार्थेजचे स्वातंत्र्य, कायदे, मुलूख आणि मालमत्ता कायम राहील, मात्र ३० दिवसांत प्रतिष्ठित घराण्यांतील ३०० मुले ओलीस द्यावीत आणि पुढे कॉन्सल जे सांगतील ते करावे. या उत्तरात 'शहर' हा शब्द कोठेही नव्हता. कार्थेजमधील काहींच्या हे लक्षात आले आणि ते अस्वस्थही झाले, पण शरणागती दिल्यानंतर खुलासा मागण्याचा अधिकारच उरला नव्हता.

मुले देण्याच्या प्रसंगाचे ॲपियनने केलेले वर्णन वाचवत नाही. आया जहाजांना आणि खलाशांना धरून आक्रोश करत होत्या, काहींनी तर जहाजांमागे समुद्रात दूरपर्यंत पोहत जाऊन मुलांकडे पाहत अश्रू ढाळले. मुले सिसिलीमार्गे रोमला गेली. त्यानंतर मॅनिलियस आणि सेन्सोरिनस हे दोन कॉन्सल सैन्यासह युटिकाला उतरले. ॲपियन हे सैन्य ८०,००० पायदळ आणि ४,००० घोडदळ इतके सांगतो. मग शस्त्रांची मागणी झाली आणि सर्वांत शेवटी शहर सोडण्याची.

तीन मागण्यांचा हा क्रम नीट पाहावा. शहर सोडण्याची अट आरंभीच सांगितली असती तर कार्थेजने मुलेही दिली नसती आणि शस्त्रेही दिली नसती. सेन्सोरिनसने दूतांना केलेला उपदेशही नोंदलेला आहे: समुद्र माणसाला लोभी आणि अस्थिर करतो, तुमचे सारे नुकसान त्याच्यामुळे झाले, शेतीचे जीवन अधिक सुरक्षित असते. ज्यांचे देव, पूर्वजांच्या समाध्या, गोद्या, बाजार आणि साडेसहाशे वर्षांची स्मृती त्या किनाऱ्यावर होती, त्यांना हे सांगितले जात होते.

ही बातमी शहरात पोचली तेव्हा लोकांनी ओलीस आणि शस्त्रे देण्याचा सल्ला देणाऱ्या नगरसभेच्या सभासदांवर दगडफेक केली आणि हाती सापडलेल्या इटालियन व्यापाऱ्यांना ठार मारले. त्याच दिवशी युद्धाचा निर्णय झाला. गुलामांना स्वातंत्र्य देण्यात आले. मृत्युदंड सुनावलेल्या आणि शहराबाहेर सैन्य जमवून बसलेल्या हॅसड्रुबलची माफी मागून त्याला बाहेरच्या फौजेचे नेतृत्व दिले गेले. मंदिरे आणि सार्वजनिक जागा यांचे कारखाने झाले, स्त्री-पुरुष पाळ्या लावून रात्रंदिवस राबू लागले, आणि रोज १०० ढाली, ३०० तलवारी, ५०० भाले आणि यंत्रांतून फेकायची १,००० अस्त्रे तयार होऊ लागली. यंत्रांना पिळाच्या दोऱ्या हव्या होत्या. त्यासाठी स्त्रियांनी आपले केस कापून दिले.

कॉन्सलांना निःशस्त्र शहर सहज पडेल असे वाटत होते. पण त्या शहराची जागाच अशी होती की ती जिंकणे अवघड जावे. कार्थेज एका भूशिराच्या टोकाला होते. मुख्य भूमीशी जोडणाऱ्या संयोगभूमीच्या बाजूला तिहेरी संरक्षण होते आणि तिथला मुख्य तट ३० हात उंच होता. ॲपियनच्या म्हणण्यानुसार त्या तटाच्या पोटातच ३०० हत्तींचे आणि ४,००० घोड्यांचे तबेले होते. समुद्राच्या बाजूला एकेरी तट होता. आत दोन बंदरे होती: बाहेरचे व्यापारी आणि आतले वर्तुळाकार लष्करी, ज्याच्या मध्यभागी बेटावर आरमारप्रमुखाचे निवासस्थान होते. मधोमध बिर्सा टेकडी, तिच्यावर एश्मून देवाचे मंदिर.

पहिली दोन वर्षे रोमन सैन्याची नामुष्कीच झाली. हल्ले परतवले गेले, यंत्रे जाळली गेली, छावणीत रोगराई पसरली. या काळात एकच रोमन अधिकारी वारंवार आपल्या सैन्याला संकटातून सोडवत राहिला, तो म्हणजे स्किपिओ एमिलियानस, हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओचा दत्तक नातू. इ.स.पू. १४७ साठी रोमन जनतेने, वयाची कायदेशीर अट पूर्ण होत नसतानाही, त्यालाच कॉन्सल केले.

स्किपिओने आधी छावणीतील बाजारबुणगे हाकलून शिस्त आणली. मग एका रात्री मेगारा या विस्तीर्ण उपनगरात त्याचे सैनिक घुसले, पण बागा, कुंपणे आणि पाटांनी भरलेल्या त्या भागात अंधारात सैन्य अडकेल हे पाहून तो मागे फिरला. या धक्क्याने संतापलेल्या, आणि आता शहरात आलेल्या, हॅसड्रुबलने रोमन कैद्यांना तटावर आणून त्यांच्याच सोबत्यांसमोर हालहाल करून मारले आणि विरोध करणाऱ्या आपल्याच सभासदांनाही ठार केले. कार्थेजविषयी कितीही कळवळा असला तरी हे कृत्य झाकून ठेवता येणार नाही. तडजोडीचा उरलासुरला मार्ग त्याने स्वतःच बंद केला.

यानंतर स्किपिओने समुद्रापासून समुद्रापर्यंत खंदक आणि तट उभारून संयोगभूमी पूर्ण तोडली. आता अन्न फक्त समुद्रावरून येत होते, आणि तेही जोराचा वारा सुटला की शिडे भरून रोमन नौकांमधून निसटणाऱ्या धाडसी व्यापारी जहाजांतून. ही रसदही हॅसड्रुबल लढणाऱ्या ३०,००० जणांनाच वाटत असे. म्हणून स्किपिओने बंदराचे तोंडच बुजवायचे ठरवले. त्याने समुद्रात मोठमोठे दगड टाकून बांध घालायला सुरुवात केली. तो वर २४ फूट आणि तळाशी ९६ फूट रुंद होता. शहरातील लोक आधी या कामाला हसले. बांध पुढे सरकू लागला तेव्हा त्यांनी गुपचूप दुसरीकडून बंदराला समुद्राकडे नवे तोंड खोदायला घेतले, ज्यात बायका आणि मुलेही राबली. त्याचबरोबर जुन्या लाकडांतून त्यांनी ५० युद्धनौका बांधल्या. आत काहीतरी ठोकण्याचे आवाज रात्रंदिवस येत होते, एवढेच रोमनांना कळले. एका पहाटे नवे तोंड फुटले आणि ज्या शहराजवळ एकही युद्धनौका नसावी असे मानले जात होते, त्याचे आरमार उघड्या समुद्रात दिसले.

या क्षणी रोमन नौका जवळजवळ रिकाम्या होत्या, कारण त्यांवरचे लोक वेढ्याच्या कामावर होते. कार्थेजच्या नौकांनी तेव्हाच हल्ला चढवला असता तर काय झाले असते, हा प्रश्न ॲपियनही उपस्थित करतो. पण त्या नौका शक्तिप्रदर्शन करून परत गेल्या. तीन दिवसांनी लढाई झाली तेव्हा रोमन आरमार सज्ज होते. दिवसभराच्या लढाईत निकाल लागला नाही, आणि परतताना लहान गलबतांनी नव्या तोंडात गर्दी केल्यामुळे मोठ्या नौका बाहेर अडकून पडल्या आणि त्यांची मोठी हानी झाली. मला हा संपूर्ण वेढ्यातील सर्वांत दुःखद प्रसंग वाटतो.

इ.स.पू. १४६ च्या वसंतात शेवटचा हल्ला झाला. स्किपिओचा सहकारी लेलियस याच्या तुकडीने वर्तुळाकार बंदर घेतले, मग बाजारचौक पडला. चौकातून बिर्साकडे जाणारे तीन रस्ते सहा-सहा मजली घरांनी दाटलेले होते. रोमन सैनिक एक घर जिंकून त्याच्या छतावरून फळ्या टाकून पुढच्या घरावर जात आणि मजल्यामजल्याला लढाई होई. मग स्किपिओने ते रस्ते पेटवून दिले आणि सैन्याला वाट मोकळी व्हावी म्हणून ढिगारे उपसण्याचा हुकूम दिला, तेव्हा ढिगाऱ्यांबरोबर मेलेली आणि अर्धवट जिवंत माणसेही खड्ड्यांत लोटली गेली. हे सहा दिवस आणि सहा रात्री चालले. सातव्या दिवशी टेकडीवरून शरणागतीची याचना आली आणि ५०,००० स्त्री-पुरुष बाहेर पडून कैदेत गेले. मंदिरात उरले ते रोमन सैन्यातून फितूर झालेले सुमारे ९००, ज्यांना माफी नव्हती, आणि हॅसड्रुबल, त्याची पत्नी व दोन मुले. हॅसड्रुबल चोरून बाहेर पडला आणि स्किपिओच्या पायाशी बसला. ते पाहून फितुरांनी मंदिराला आग लावली, आणि त्याच्या पत्नीने नवऱ्याला शाप देऊन, मुलांना मारून, स्वतःला त्या आगीत लोटून दिले.

प्रतिसाद: शिलालेख

लेख तन्मयतेने लिहिला आहे. एक शंका आहे. तुम्ही आकडे आणि प्रसंग जवळजवळ सर्वस्वी ॲपियनवरून घेतले आहेत, आणि तो या घटनेनंतर सुमारे ३०० वर्षांनी लिहीत होता. वेढ्यात प्रत्यक्ष हजर असलेल्या पॉलिबियसच्या इतिहासाचा हा भाग आपल्यापर्यंत तुकड्यांतच पोचला आहे. ॲपियनने त्याच्यावरून घेतले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात, पण हॅसड्रुबलच्या पत्नीचे भाषण किंवा सेन्सोरिनसचे प्रवचन ही ग्रीक इतिहासलेखनाच्या पद्धतीने रचलेली भाषणे असणार. कार्थेजच्या बाजूने लिहिलेली एकही कथा आपल्याजवळ नाही, म्हणून शब्दांपेक्षा घटनांच्या क्रमावर भर द्यायला हवा.

भूमध्यतीर

आपला मुद्दा मान्य आहे, आणि भाषणे शब्दशः खरी आहेत असा माझा दावा नाही. पॉलिबियस हा तर स्किपिओचा गुरू आणि मित्र होता, त्यामुळे हॅसड्रुबलचे जे चित्र त्याने रंगवले आहे, म्हणजे शहर उपाशी असताना जांभळी वस्त्रे लेवून मेजवान्या झोडणारा लठ्ठ माणूस, त्याकडेही सावधपणे पाहिले पाहिजे. तरीही मुले, शस्त्रे आणि मग शहर हा मागण्यांचा क्रम रोमच्या मित्रांनीच नोंदवलेला आहे. तो रोमला भूषणावह नाही, म्हणूनच मला तो विश्वसनीय वाटतो. पॉलिबियसने असेही नोंदले आहे की त्या काळच्या ग्रीकांमध्ये या वागणुकीवर तीव्र मतभेद होते. कोणी तिला दूरदृष्टी म्हणत, तर कोणी उघड कपट.

प्रतिसाद: सागरवाट

बांधाचा उल्लेख वाचून एक गोष्ट मनात आली. कार्थेजचे मातृनगर टायर हे बेटावर होते, आणि इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने समुद्रात बांध घालूनच ते सात महिन्यांच्या वेढ्यानंतर जिंकले. त्या वेळी टायरमधील काही बायका-मुलांना कार्थेजला हलवले होते. म्हणजे बांधाने शहर कसे पडते ही आठवण कार्थेजच्या काही घराण्यांत नक्कीच असली पाहिजे, आणि स्किपिओनेही ती हकीकत वाचलेली असणार. तसे असताना सुरुवातीला ते बांधाला हसले, याचे मला नवल वाटते.

प्रतिसाद: रानपाखरू

मी काही वर्षांपूर्वी ट्युनिसला कामानिमित्त गेले होते, तेव्हा एक दिवस काढून कार्थेजला जाऊन आले. राजधानीतून उपनगरी रेल्वेने तिथे सहज पोचता येते. वर्तुळाकार बंदर आजही आहे, पण ते पाहून प्रथम विश्वास बसत नाही, कारण घरांच्या बागांना लागून असलेल्या एखाद्या शांत तळ्यासारखे ते दिसते. मधल्या बेटावर १९७० च्या दशकात ब्रिटिश पथकाने केलेल्या उत्खननात नौका ओढून ठेवण्याच्या उतरत्या शेडांचे अवशेष सापडले, त्यामुळे ॲपियनचे वर्णन मुळात बरोबर ठरले.

मला अधिक लक्षात राहिला तो बिर्सा टेकडीचा उतार. तिथे फ्रेंच पथकाने एक संपूर्ण मोहल्ला उघडा केला आहे, ज्याला हॅनिबलचा मोहल्ला म्हणतात, कारण ती घरे त्याच्या हयातीच्या उत्तरार्धातली आहेत. प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके आहे, जमिनीवर चुनखडीचा गिलावा आहे, गल्ल्यांना उतारामुळे पायऱ्या आहेत. हा भाग वाचला तो केवळ योगायोगाने: पुढे रोमनांनी आपले शहर वसवताना टेकडीचा माथा छाटून सपाट केला आणि ती सगळी माती या घरांवर लोटली. माथ्यावरच्या एश्मूनच्या मंदिराचा त्यामुळे मागमूसही उरलेला नाही. त्या गल्लीत उभे राहिल्यावर, याच जिन्यांवर मजल्यामजल्याला लढाई झाली, हे वाक्य मला पुन्हा वाचता आले नाही.

प्रतिसाद: काळवेळ

मिठाचा उल्लेख तुम्ही सुरुवातीला केलात, पण पुढे त्याचे स्पष्टीकरण आले नाही. आम्ही तर शाळेपासून तेच ऐकत आलो आहोत. ते खोटे कशावरून?

भूमध्यतीर

राहून गेले, क्षमस्व. मीठ पेरल्याचा उल्लेख एकाही प्राचीन लेखकाने केलेला नाही, ना पॉलिबियसने, ना लिव्हीच्या सारांशांत, ना ॲपियनने. जिंकलेल्या शहरावर मीठ पेरण्याची गोष्ट बायबलमध्ये शेखेम शहराबाबत येते, आणि तीच कल्पना खूप नंतरच्या काळात कार्थेजला चिकटली. विसाव्या शतकात एका प्रतिष्ठित इंग्रजी इतिहासग्रंथात ती आल्यामुळे सर्वत्र पसरली, आणि १९८० च्या दशकात अभ्यासकांनी तिला प्राचीन आधार नसल्याचे दाखवून दिले. शिवाय ती व्यवहाराला धरूनही नाही. त्या काळात मीठ मौल्यवान होते, आणि कार्थेजभोवतीची सुपीक जमीन रोमला स्वतःलाच हवी होती. तोच प्रदेश पुढे रोमला धान्य पुरवणारा प्रमुख प्रांत झाला.

प्रत्यक्षात झाले ते असे: शहर १७ दिवस जळत होते, उरलेल्या इमारती सेनेटच्या हुकमाने पाडल्या गेल्या, आणि त्या जागी वस्ती करणाऱ्याला शाप असल्याचे जाहीर झाले. कैद झालेल्यांपैकी बहुतेकांना गुलाम म्हणून विकण्यात आले. मिठाच्या गोष्टीचा मला राग येतो तो याच कारणाने, की तिच्या नाट्यमयतेत या ५०,००० माणसांचा विसर पडतो.

प्रतिसाद: शिलालेख

शापाचे आयुष्य फार नव्हते, हेही सांगायला हवे. २५ वर्षेही पुरी झाली नव्हती तोच गायस ग्राकस या रोमन पुढाऱ्याने तिथे वसाहत वसवायचा प्रयत्न केला, तो फसला. मग सीझरने योजना आखली आणि ऑगस्टसच्या काळात रोमन कार्थेज उभे राहिले, जे पुढे साम्राज्यातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक झाले. जागा एवढी मोक्याची होती की ती रिकामी ठेवणे रोमलाही परवडले नाही.

प्रतिसाद: पाटीपुस्तक

रोमने असे का केले, याचे उत्तर मला अजूनही मिळालेले नाही. कार्थेजजवळ आरमार नव्हते, मित्र नव्हते, आणि मॅसिनिसाच्या फौजेसमोरही त्याचे सैन्य टिकले नाही. अशा शहराची भीती केटोसारख्या अनुभवी माणसाला वाटावी, हे पटत नाही. मग हा निव्वळ लोभ होता का?

भूमध्यतीर

अभ्यासकांत यावर आजही एकमत नाही, त्यामुळे मी माझे मत तेवढे सांगतो. हॅनिबलने इटलीत १५ वर्षे काढली होती आणि केटो स्वतः त्या युद्धात लढलेला होता. त्या पिढीची भीती हिशेबावर चालणारी नव्हती. दुसरे म्हणजे खंडणी संपल्यावर कार्थेजवर पकड ठेवण्याचे साधन उरत नव्हते. काही जण म्हणतात की वृद्ध मॅसिनिसा कार्थेज गिळंकृत करून बलाढ्य होईल याची रोमला अधिक धास्ती होती, आणि हा तर्क मला दुर्लक्षिण्यासारखा वाटत नाही, कारण रोमने सैन्य उतरवले तेव्हा मॅसिनिसा नाराज झाला होता, आणि तो इ.स.पू. १४८ मध्ये वारल्यावर त्याच्या तीन मुलांत सत्तेची वाटणी स्किपिओनेच करून दिली. लोभ तर होताच. पण लोभासाठी शहर जिंकणे पुरेसे असते, त्याचे नामोनिशाण पुसावे लागत नाही. याच वर्षी, इ.स.पू. १४६ मध्ये, रोमन सेनापती ममियसने ग्रीसमधील कॉरिंथचीही हीच गत केली. एकाच वर्षी समुद्राच्या दोन टोकांना दोन प्राचीन व्यापारी शहरे संपवली गेली, तेव्हा सगळ्या भूमध्य जगाला जे सांगायचे होते ते रोमने सांगून टाकले होते असे मी समजतो.

प्रतिसाद: रानपाखरू

स्किपिओच्या अश्रूंबद्दल तुम्ही लिहिले नाहीत. ते जाणूनबुजून वगळले का?

भूमध्यतीर

होय, मुद्दाम वगळले होते, पण तुम्ही विचारले म्हणून लिहितो. शहर जळताना पाहून स्किपिओच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने होमरच्या 'इलियड'मधील ट्रॉयच्या विनाशाचे भाकीत सांगणाऱ्या ओळी उच्चारल्या. पॉलिबियस शेजारी उभा होता. त्याने अर्थ विचारला तेव्हा स्किपिओने आपल्या मनात रोमचे भवितव्य असल्याचे मोकळेपणाने सांगितले. हा प्रसंग घडला असावा असे मला वाटते, कारण सांगणारा माणूस तिथे होता. तरीही कार्थेजची कथा त्या अश्रूंवर संपवण्याची जी प्रथा आहे ती मला मान्य नाही, कारण तसे केले की शेवटचा शब्द पुन्हा जेत्याचाच राहतो आणि आपले लक्ष जळणाऱ्या शहराकडून पाहणाऱ्या सेनापतीकडे वळते.

त्याऐवजी मला एक वेगळी नोंद महत्त्वाची वाटते. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहिले आहे की शहर पडल्यावर तिथली ग्रंथालये सेनेटने आफ्रिकेतील राजांना वाटून टाकली. फक्त मागो या लेखकाचे शेतीवरचे २८ खंड रोमने ठेवून घेतले आणि त्यांचे लॅटिनमध्ये भाषांतर करण्याचा हुकूम दिला. कार्थेजच्या प्युनिक भाषेतला मूळ ग्रंथ आणि ते लॅटिन भाषांतर ही दोन्ही आज नाहीत. शेतीवर लिहिणाऱ्या पुढच्या रोमन लेखकांनी मागोचे जे दाखले दिले, तेवढेच उरले आहेत: बैल निवडताना काय पाहावे, मधमाश्या कशा मिळवाव्यात, द्राक्षवेल कोणत्या उताराला लावावी.

प्रतिसाद: सागरवाट

या दाखल्यांत एक आणखी आहे. ज्याने शेत विकत घेतले त्याने शहरातले घर विकून टाकावे, म्हणजे त्याचा जीव शहरात गुंतणार नाही, असे मागोने ग्रंथाच्या आरंभीच लिहिले होते. ज्या लोकांनी शहर सोडून शेतावर जाण्यापेक्षा तीन वर्षे उपाशी लढणे पसंत केले, त्यांच्याच एका लेखकाचे हे वाक्य आहे.